मढवी सिस्टरांची काटकसर

मढवी सिस्टर वॉर्डात शिरल्या की आधी कचऱ्याच्या बादलीत बघायच्या, पेशंटकडे नंतर. बादलीत न वापरलेला गॉजचा तुकडा दिसला की तो चिमट्याने वर धरून विचारायच्या, "हा कुणाचा लाडका?" ज्या पोरीचा तो असेल तिची पुढची काही मिनिटं फार वाईट जायची.

कल्याणला जुन्या बाजाराच्या मागे आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. मी तिथे नर्स म्हणून लागले तेव्हा त्यांना मेट्रन होऊन बरीच वर्षं झाली होती. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य. कुणाला घ्यायचं, कुणाची ड्यूटी कुठे लावायची, सुट्टी कुणाला द्यायची, सगळं त्यांच्या हातात. पण त्यांना मेट्रन म्हणून हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. शिपायापासून ट्रस्टी शेठपर्यंत सगळ्यांच्या त्या मढवी सिस्टर.

कंजूष म्हणून त्यांची ख्याती ठाण्यापर्यंत गेली होती. साबणाच्या उरलेल्या चिपा जुन्या मोज्यात भरून त्याची वडी करायच्या. विरलेल्या चादरी फाडून त्यांच्या पट्ट्या. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर बटण स्वतः बंद करायच्या आणि जवळ जो कोणी असेल त्याच्याकडे असं बघायच्या की त्याला आपण वीज चोरून घरी नेत होतो असं वाटावं. डॉक्टरांनाही सूट नव्हती. एकदा एका मोठ्या सर्जनने ग्लव्हज चढवले आणि फोन आला म्हणून काढून टाकले. "सर, फोनच घ्यायचा होता तर उघड्या हातानेच घ्यायचात ना," सिस्टर म्हणाल्या. सर्जन हसले, पण त्यानंतर त्यांचा फोन बाहेर वॉर्डबॉयच्या खिशात राहू लागला.

गंमत अशी की त्यांना स्वतःला पैशाची ददात अजिबात नव्हती. डोंबिवलीच्या कडेला जुन्या गावातलं त्यांचं आगरी घर. भावांच्या भातजमिनींवर टॉवर उभे राहिले होते. सकाळी कधी शेअर रिक्षाने यायच्या, कधी भाचा भल्यामोठ्या गाडीतून सोडायचा. दोन्ही हातांत सोन्याच्या बांगड्या. कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या की त्या सगळ्या उतरवून रुमालात गाठ मारायच्या, कारण वॉर्डात बांगडी चालत नाही, मग ती कुणाचीही असो. मनगटावर फिकट पट्टा उठून दिसायचा. "हिला कशाला हवी नोकरी?" असं लोक विचारायचे. घरच्यांनी तर लग्नाआधीपासून विचारलेलं. त्यांनी उत्तर कधी दिलं नाही. दुपारी मात्र कपाटखोलीचं दार लावून, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून, घरची सुकटीची चटणी आणि भाकरी खायच्या. ट्रस्टी सगळे शाकाहारी, हॉस्पिटलात अंडंसुद्धा चालत नसे. वास मजलाभर पसरायचा. शेठ त्या बाजूने जाताना मोठ्याने खोकायचे आणि पुढे जायचे. एवढी मोकळीक त्यांनी हॉस्पिटलात दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

ती का दिली, हे कळायला मला वेळ लागला. सिस्टरांचं एक वाक्य होतं, "सामानात वाचवा, माणसात नको." त्या दरवर्षी शेठसमोर जाऊन बसत आणि म्हणत, एवढं गॉज वाचलं, एवढा साबण वाचला, आता मला दोन पोरी वाढवून द्या. शेठ व्यापारी माणूस. त्यांना हा हिशेब पटायचा. पोरी मिळायच्या. आमच्या जनरल वॉर्डात कुठल्याही पाळीला तीन नर्सेस असायच्याच. आसपासच्या हॉस्पिटलांतल्या मुली हे ऐकून खोटं समजायच्या.

तीन का, हे त्या राउंडवर दाखवायच्या. पेशंटशी बोलता बोलता त्याच्या पाठीखाली हात सरकवायच्या. चादर ओली आहे का, कातडी गरम लागतेय का, माणूस कुशीवर वळवलाय की सकाळपासून तसाच पडलाय, सगळं त्या हाताला कळायचं. "इंजेक्शन एकटी पोरगी पण देईल," त्या म्हणायच्या. "माणसं कमी झाली की इंजेक्शन बंद होत नाही. पाठ बघायची बंद होते. पाणी पाजायचं बंद होतं. हाक मारली तर 'आले' म्हणायचं बंद होतं."

पुढचं बघण्याची त्यांची तऱ्हाही न्यारी होती. नवी मुलगी मुलाखतीला आली की पहिला प्रश्न, "किती दिवस राहणार?"

मुलगी म्हणायची, "कायम, मॅडम."

"खोटं नको बोलू. पासपोर्ट काढलास?"

कोणाचं लग्न ठरतंय, कोण दुबईच्या परीक्षेचा अभ्यास करतंय, कोणाच्या नवऱ्याची पुण्याला बदली होतेय, सगळं त्यांच्या डोक्यात. मुलगी जायच्या आधीच तिच्या जागची मुलगी येऊन काम शिकत असायची. एकीला दिवस गेलेले तिच्या सासूच्या आधी सिस्टरांना कळलं, आणि त्यांनी मुकाट्याने तिची एक्स-रेजवळची ड्यूटी काढून घेतली. माझ्या लग्नात त्या स्टेजवर आल्या, पाकीट दिलं, फोटो काढला, आणि माझ्या सासूबाईंचा हात हातात घेऊन विचारलं, "हिला नाइटला पाठवणार ना?" सासूबाई साताऱ्याकडच्या, शहरात नवख्या. 'नाइट' म्हणजे रात्रपाळी हे त्यांना कळलंच नाही; आहेराचं काही असेल असं समजून त्या "हो हो, पाठवू की" म्हणून गेल्या. त्या एका शब्दावर मी आजवर नोकरी करते आहे.

आणि स्वतः निवृत्त झाल्यावर काय, याचीही त्यांनी तयारी केली होती. त्या तयारीचं नाव मीनल.

मीनल सावंत ठाकुर्लीची. वडील लहानपणीच गेलेले, आई पाळणाघर चालवायची. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक. पहिल्या आठवड्यात पेशंट तिला शाळेतली मुलगी समजायचे. सिस्टरांनी तिच्यात काय पाहिलं कोण जाणे. आम्हा बाकीच्यांना जरा जळायलाच व्हायचं. तिला त्यांनी जास्त रागवलं, जास्त वॉर्ड फिरवले, आणि मग हळूहळू ड्यूट्या लावायला बसवलं. "ही माझ्यानंतर," त्या उघड म्हणायच्या. मीनल लाजून मान खाली घालायची. पण चार वर्षांत तिच्या बारीक आवाजाला धार आली. पेशंटच्या पाठीखाली हात घालताना ती सिस्टरांसारखीच बोलत राहायची, तोंडाकडे बघत, हाताकडे नाही.

मग शेठ गेले. ट्रस्टमधल्या त्यांच्या मुलांना हॉस्पिटल चालवण्यात रस नव्हता. त्यांनी ते ठाण्याच्या एका कंपनीला चालवायला दिलं. पाटी बदलली, रंग लागला, रिसेप्शनवर सोफा आला. आणि एक दिवस सिस्टरांना ठाण्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. त्यांनी मला सोबत नेलं. मी तेव्हा सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज होते. "जाधव, तुला इंग्रजी बरं येतं. मी चुकले तर पाय दाब," म्हणाल्या.

इंग्रजीची गरजच पडली नाही. मॅनेजर तरुण मुलगा होता, मराठी, नम्र. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. भिंतीवर एक तक्ता दाखवला. कंपनीच्या सगळ्या हॉस्पिटलांमध्ये सामानाचा सगळ्यात कमी खर्च आमचा होता.

"मॅडम, खरंच सांगतो," तो म्हणाला, "कमीत कसं भागवायचं हे आम्ही सगळ्यांना तुमचं उदाहरण देऊन सांगतोय."

सिस्टर लाजल्या. मी त्यांना लाजताना तेव्हाच पाहिलं.

मग दुसरा तक्ता आला. नर्सेसच्या पगाराचा. त्यात आमचं हॉस्पिटल सगळ्यात वर होतं.

"इथे पण तुमची मदत लागेल," तो म्हणाला. "एक तृतीयांश कमी करायला लागतील. अगदी गरज पडली तर एजन्सीकडून दिवसापुरती माणसं घेऊ."

"अहो, पण त्यासाठीच तर ते वाचवलं," सिस्टर म्हणाल्या.

"कशासाठी?"

"पोरींसाठी. गॉज वाचवून पोरी वाढवल्या."

त्याने समजुतीने मान हलवली. त्यात उद्धटपणा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. "मॅडम, ती दोन वेगळी खाती आहेत. सामानाचं सामानात, पगाराचं पगारात. आणि हे बघा, तुम्ही जर एवढ्या कमी सामानात चालवू शकता, तर माणसांतही जमेल. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

सिस्टर खूप बोलल्या. पाठीखालच्या हाताबद्दल, पाण्याबद्दल, हाकेबद्दल. तो ऐकत होता. मध्येच त्याने काही लिहूनही घेतलं. शेवटी म्हणाला, "तुमची कळकळ समजते. पण खर्च असाच राहिला तर कंपनी हे हॉस्पिटल सोडून देईल. मग सगळ्यांच्याच नोकऱ्या. कुणाला कमी करायचं ते तुम्ही ठरवा, प्लीज. आम्ही ठरवलं तर चुकीची माणसं जातील."

परतताना कल्याणला रिक्षाच्या रांगेत उभ्या असताना एकदम म्हणाल्या, "मीच शिकवलं त्यांना."

"काय सिस्टर?"

"कमीत भागतं, हे. जन्मभर तेच दाखवत आले ना."

कुणाला कमी करायचं ते त्यांनी ठरवलं. नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं का, मला ठाऊक नाही. जिच्या घरात दुसरा कमावता आहे, जिला दुसरीकडे लवकर लागेल, अशा मुली त्यांनी निवडल्या. एकेकीला कपाटखोलीत बोलावून स्वतः सांगितलं. कुणी रडल्या, एकीने "तुमची लाडकी बरी राहिली" असं तोंडावर ऐकवलं. सगळ्यात धाकटी होती तिने मात्र खाली वाकून नमस्कार केला. ती गेल्यावर सिस्टर बराच वेळ आतून बाहेर आल्या नाहीत. नंतरचे कित्येक दिवस त्या डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत ओळखीच्या मेट्रनना फोन करून त्या मुलींसाठी जागा मागत होत्या. मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आवाज लहान करून बोलायच्या.

जनरल वॉर्डात आता पाळीला एक नर्स आणि एजन्सीची एक मुलगी. एजन्सीची रोज नवी. "ऑक्सिजनची चावी कुठे असते ते तिला कळेपर्यंत तिची ड्यूटी संपते," मीनल म्हणायची. ती वॉर्डची इन्चार्ज होती. तिने तक्रार केली नाही, पण डबा न उघडताच घरी नेऊ लागली.

तेव्हा सिस्टरांनी एक गोष्ट केली. त्या वॉर्डाच्या खिडकीकडच्या रांगेतल्या आठ गाद्या त्यांनी गुंडाळल्या. मी मदतीला होते. गादी गुंडाळायची, त्यावर गुडघा टेकवायचा, बँडेजने करकचून बांधायची. लोखंडी खाटा नुसत्या उरल्या. "हात नाहीत तर खाटा पण नाहीत," त्या म्हणाल्या. ठाण्याहून फोन आला. त्यांनी तेच वाक्य फोनवर सांगितलं. पुन्हा फोन आला, त्यांनी उचलला नाही. आम्हा सगळ्यांना कोण आनंद झाला होता! कुणीतरी मिठाई आणली.

तापाचे दिवस सुरू झाले. डेंग्यू, लेप्टो, काय काय. कल्याण-डोंबिवलीत एक खाट रिकामी नव्हती. आमच्या कॅज्युअल्टीत लोक भिंतीला टेकून बसलेले. अशात एका दुपारी एक बाई आपल्या वडिलांना रिक्षातून घेऊन आल्या. पंचाहत्तरीचे गृहस्थ, तापाने डोळे तांबारलेले, मान एका बाजूला पडलेली. तीन हॉस्पिटलांनी परत पाठवलं होतं. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने सांगितलं, "खाट नाही."

बाईंनी जिन्याकडे धाव घेतली आणि त्या थेट जनरल वॉर्डात शिरल्या. समोर आठ रिकाम्या खाटा.

"या रिकाम्या आहेत!" त्या ओरडल्या. "अहो, या रिकाम्या आहेत ना?"

सिस्टर तिथेच होत्या. "खाटा आहेत ताई. बघायला माणूस नाही."

"मी बघेन. मी बसून राहीन. नुसती सलाईन लावा. खाली चादर टाका पण घ्या त्यांना. रिक्षातच जातील हो ते."

सिस्टरांनी मीनलकडे पाहिलं. मीनलने काहीच म्हटलं नाही. मला अजून वाटतं, त्या वेळी तिने मान हलवून नाही म्हटलं असतं तर सिस्टरांनी ऐकलं असतं. पण ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सिस्टरांनी बँडेजची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. मग कात्रीने कापली.

एक गादी उघडली तशी दुसरी उघडावी लागली. पहिल्याला घेतलं आणि दुसऱ्याला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? दिवे लागायच्या आत आठही खाटा भरल्या. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून फोन आला. मॅनेजर मनापासून खूश होता. "बघा मॅडम, जमलं ना."

त्यानंतर सिस्टर स्वतः वॉर्डात उभ्या राहू लागल्या. कधी या वॉर्डात, कधी कॅज्युअल्टीत. त्यांच्या वयाच्या बाईने पेशंट उचलू नये, पण उचलायच्या. राउंड घ्यायला वेळ उरला नाही. ठाण्याला माणसं मागितली की उत्तर यायचं, हा महिना काढा, पुढच्या महिन्यात बघू.

त्या गृहस्थांचा ताप उतरत आला होता, पण ते भ्रमात होते. मुलगी दिवसभर उशाशी बसायची. एके दिवशी, चार दिवसांत पहिल्यांदाच, ती घरी आंघोळीला गेली. मीनलच तिला म्हणाली होती, "जाऊन या ताई, मी आहे." वॉर्डात दोन जणांना प्लेटलेट्स चालू होत्या, ते सोडून हलता येत नाही. एजन्सीची मुलगी लॅबमधून रिपोर्ट आणायला गेली ती तिथेच अडकलेली. मीनलने सिस्टरांना फोन लावला. आणि ती फोनवर बोलत असतानाच आजोबा खाटेचा कठडा ओलांडून खाली पडले.

मी शेजारच्या वॉर्डातून आवाज ऐकला. मी पोचले तेव्हा मीनल खाली बसून त्यांचं डोकं धरून होती. मग त्यांची मुलगी आली, तिच्यामागे भाऊ, शेजारी, आणखी कोण कोण. एकच गलका झाला. त्या बाईंनी मीनलच्या तोंडात मारली. ज्या हाताने मारली तो हात मग त्या स्वतःच बघत राहिल्या. भाऊ खुर्ची उचलत होता तेवढ्यात सिस्टर धावत आल्या. त्या कुणाशी बोलल्या नाहीत. गर्दीतून वाट काढून खाली बसल्या, आजोबांच्या मानेखाली हात घातला आणि ओरडल्या, "स्ट्रेचर! उभे काय राहता, पाय धरा! तुम्ही पण धरा!" खुर्ची उचललेल्या भावाने खुर्ची ठेवली आणि वडिलांचे पाय धरले.

आजोबा दोन दिवसांनी गेले.

चौकशी लागली. ठाण्याहून मॅनेजर आला, सोबत वकील. मला साक्षीला बोलावलं होतं. वकिलाने कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. पेशंट कठड्यावर चढतोय, आणि मागे काउंटरजवळ मीनल कानाला फोन लावून पाठमोरी उभी आहे.

"सिस्टर ड्यूटीवर फोनवर बोलत होत्या, हे स्पष्ट आहे," वकील म्हणाला.

मीनलच्या गालावरचा वळ गेला होता, पण ती तो गाल भिंतीकडे करून बसली होती.

"तो फोन मला होता," मढवी सिस्टर म्हणाल्या.

वकिलाने चित्र थांबवलं.

"ती म्हणत होती, सिस्टर, एक माणूस पाठवा, फक्त थोडा वेळ. मी कॅज्युअल्टीत होते. तिथे पण कुणी नव्हतं. मी म्हटलं, जरा सांभाळून घे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ड्यूटी मी लावली. खाटा मी उघडल्या. पोरी मी कमी केल्या. हिच्या नावावर काय लिहिणार तुम्ही? ही मागतच होती."

"मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात—" मॅनेजर म्हणाला.

"मना नको शिकवू," त्या त्यांच्या घरच्या बोलीत एकदम ओरडल्या. "मी तुझ्या खोलीत येऊन सांगितलं का नाय सगलं? लिहून घेतलंस ना तू?"

त्याने मान खाली घातली. आजोबांची मुलगी कोपऱ्यात बसली होती. आता तिने विचारलं, कुणा एकाला नव्हे, खोलीलाच, "त्यांना बाथरूमला जायचं होतं. एवढंच होतं ना?"

सिस्टर उठून तिच्यापाशी गेल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. ज्या बाईकडे प्रत्येक प्रसंगाला एक वाक्य तयार असायचं, ती नुसती हात जोडून उभी होती. मुलीने दुसरीकडे पाहिलं.

मीनलची नोकरी वाचली. मढवी सिस्टरांना निवृत्तीच्या थोडं आधी 'प्रकृतीच्या कारणास्तव' सोडायला लावलं. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. बांगड्यांचा रुमाल पर्समध्ये टाकून, न घालताच गेल्या.

महिनाभरात मीनलने राजीनामा दिला. ते कळल्यावर सिस्टरांनी मला फोन केला, आणि आम्ही दोघी ठाकुर्लीला तिच्या घरी गेलो. तिच्या आईने पाळणाघरातली मुलं आतल्या खोलीत नेली. मीनलने चहा केला. ठाण्याला विम्याच्या क्लेमच्या ऑफिसात तिला नोकरी लागली होती. हॉस्पिटलांची बिलं तपासायची, कुठे जास्त लावलंय ते बघायचं.

"एसी आहे," तिची आई म्हणाली. "रविवार सुट्टी."

"चांगलं आहे," सिस्टर म्हणाल्या. मग मीनलकडे वळून, "दुसऱ्या हॉस्पिटलात बोलू का? लहान बघू. बारा खाटांचं. माझी ओळख आहे."

"नको, सिस्टर."

"अगं, एवढं शिकलीस. मी कुणासाठी शिकवलं?"

मीनलने कप खाली ठेवला. "रस्त्यात कुणी मागून हाक मारली ना, कुणालाही, तरी मी थांबते," ती म्हणाली. "पाय हलत नाहीत माझे. आई हाताला धरून पुढे नेते. मी परत वॉर्डात उभी राहू शकत नाही. मला माफ करा."

"तू कशाला माफी मागतेस," सिस्टर म्हणाल्या. आतल्या खोलीत एक मूल रडायला लागलं होतं. मीनल उठली आणि त्याला घ्यायला गेली. ती बाहेर येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. जिन्यात सिस्टर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "माझं सगळं त्या पोरीत होतं, जाधव," एवढंच म्हणाल्या.

यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मला डोंबिवलीतल्या एका नव्या हॉस्पिटलने मेट्रनच्या जागेसाठी विचारलं होतं. हो म्हणावं की नाही, कळत नव्हतं. फोन केला तर म्हणाल्या, "घरी ये. भाचीची हळद आहे, तशीच ये."

गावात शिरल्यापासून डीजे ऐकू येत होता. मांडव टॉवरच्या भिंतीपर्यंत पसरलेला, सगळ्या बायका एका रंगाच्या साड्यांत. सिस्टर मांडवाच्या मागे मोठ्या पातेल्यापाशी भात वाढायला उभ्या होत्या. वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी डाव दुसरीच्या हातात दिला आणि मला घराच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे आवाज जरा कमी होता.

मी सगळं सांगितलं. किती खाटा, किती नर्सेस, पगार चांगला.

"मी आता कुणाला काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "माझं ऐकून चाललेली पोरगी घरी बसली."

"तरी पण सिस्टर."

"तरी पण काय? घेतलीस तर तुला पण एक दिवस पोरी निवडाव्या लागतील. नाही घेतलीस तर दुसरी कुणी निवडेल, आणि तिला त्याचं काहीच वाटणार नाही. कुठलं बरं, मना विचारू नकोस. मी त्याचाच विचार करत पडलेली असते सगळा दिवस."

मग त्यांनीच, जणू न राहवून, विचारलं, "तुझ्या आधी तिथे कोण होती?"

"कुणी डिसोझा मॅडम होत्या म्हणे."

"का सोडलं तिने?"

"माहीत नाही."

"विचारलंस का?"

"नाही."

"मग आधी तिच्या घरी जा. माझ्याकडे कशाला आलीस?" क्षणभर त्या जुन्या सिस्टर वाटल्या. तेवढ्यात चार-पाच बायका हळदीने माखलेल्या हातांनी त्यांना शोधत आल्या. "आत्या, चल, तुझ्याशिवाय सुरू नाय करत!" त्यांनी दोन्ही हात धरले, गालांना हळद फासली आणि ओढत मांडवात नेलं.

मी कडेला उभी राहून बघत होते. गाणं सुरू झालं. सगळ्या बायका गोल करून नाचू लागल्या. सिस्टर मधोमध होत्या. त्यांनी हात वर केले, दोन पावलं टाकली आणि थांबल्या. गोल त्यांच्याभोवती फिरत राहिला. कुणीतरी हसत त्यांचा खांदा हलवला, पुन्हा हात वर करून दिले. ते तसेच वर राहिले. पिवळ्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या आवाजात, त्या गर्दीत, ते हळद झोंबल्यामुळे असेल असंच सगळ्यांना वाटलं असणार.